पहिल्या प्रकारची चूक

"ही," दर्शना म्हणाली आणि तीन वाट्यांतली मधली वाटी माझ्याकडं सरकवली. "त्या दोन सारख्या आहेत. ही वेगळी."

माझ्या हातात आठल्ये सरांनी दिलेली यादी होती. मधलीच वेगळी होती. म्हणजे सहांपैकी तिचे पाच जबाब बरोबर आले. मी यादीवर खूण केली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. मोडलं म्हणजे मीच दाबून मोडलं, उगाच खोटं कशाला बोलू.

"बरोबर आलं का हो बाई?" तिनं विचारलं.

"ते सर सांगतील. चूळ भर आणि बाहेर जा, पुढचीला पाठव."

पुढच्या कुणाचे पाच आले नाहीत. कुणाचे दोन, कुणाचे तीन, एका बिचारीचा एकही नाही. दोन दिवसांत आमच्या शेडमधल्या बेचाळीस बायकांची परीक्षा झाली आणि त्यांतून एकटी दर्शना नागवेकर निघाली.

हा आमचा कारखाना म्हणजे रत्नागिरीपासून तासाभरावरचा, आंब्याचा रस डब्यात भरणारा. बागवाले टेम्पो भरून हापूस आणायचे आणि काही जण त्यात बाहेरचा, स्वस्तातला आंबा बेमालूम मिसळायचे. दिसायला तसाच, रंगाला तसाच. रस काढला की कुणाच्या बापाला ओळखता यायचं नाही. ते ओळखायचं काम माझं. आलेल्या मालातले सहा-सात आंबे कापायचे, रस एकत्र करायचा, चमचाभर तोंडात घ्यायचा आणि सांगायचं, घ्या नाहीतर परत. अकरा वर्षं मी हे करत होते. 'भाटकरबाईंची जीभ' म्हणून ड्रायव्हर लोक माझं नाव काढायचे. मी परत म्हटलं की कारखान्याचे मालक नानाशेठ दुसरा शब्द बोलायचे नाहीत. मला काचेची वेगळी खोली होती, पंखा होता, आणि शेडमधल्या बायका माझ्याशी बोलताना हात पदराला पुसून बोलायच्या. हे सगळं मला फार आवडायचं.

त्या वर्षी माल दुप्पट यायला लागला. नानाशेठ म्हणाले, बाई, तुमच्या जोडीला आणखी एक जीभ हवी. ती शोधायला त्यांनी आपल्या शाळेतल्या मित्राला बोलावलं. आठल्ये सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे, मे महिन्याच्या सुट्टीत घरी होते. त्यांनीच ही तीन वाट्यांची रीत काढली. दोन वाट्यांत शुद्ध हापूस, एकीत भेसळीचा. वेगळी कुठली ते सांगायचं, असं सहा वेळा. मधे तोंड साफ करायला चुरमुरे आणि कोमट पाणी. नुसता अंदाज करणाऱ्या बाईचे सहांत दोन बरोबर यायचे. पाच येणं शंभरांत दोघींनाही जमत नाही, असं सरांनी समजावून सांगितलं होतं.

"म्हणजे पोरीला कळतं," नानाशेठ खूश होऊन म्हणाले. "बाई, उद्यापासून हिला तुमच्या खोलीत बसवा."

माझ्या खोलीत माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली. दर्शना बावीस वर्षांची, आधी कोयी काढायच्या टेबलावर असायची. रंगानं सावळी, दात जरा पुढं, आणि सदा हसायची. तिचं हसणं मला सगळ्यात आधी खुपलं. मी अकरा वर्षं रस डोळे मिटून, कपाळाला आठी घालून चाखला. ही चमचा चाटायची, मिटक्या मारायची आणि म्हणायची, "मस्त आहे हो बाई, घेऊया." जणू घरी आमरसाला बसलीय.

लोकांना ते आवडायला लागलं. ड्रायव्हर तिला 'छोट्या बाई' म्हणायला लागले. म्हणजे मी आपोआप मोठी झाले, आणि मोठी म्हणजे म्हातारी. मी बेचाळिशीची होते तेव्हा. मुंबईचा एक खरेदीदार आला, त्याच्यासमोर नानाशेठनी तिला उभं केलं आणि सांगितलं, "परीक्षा घेऊन निवडलेली जीभ आहे ही." मी तिथंच होते. माझी परीक्षा कधी कुणी घेतली नव्हती, त्यामुळं माझ्याबद्दल सांगायला त्यांच्याकडं काही नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन पोळ्या करपवल्या आणि नवऱ्यालाच बोलले.

खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मी तिच्यावर पाळतच ठेवली होती. ती माझ्याआधी बोलते का, की माझा चेहरा बघून बोलते? बहुतेक वेळा आमचं एकच यायचं. माल बहुतेक शुद्धच असायचा, आम्ही दोघी घ्या म्हणायचो, काम पुढं सरकायचं. मला मात्र वाटायचं, ही माझं चोरतेय.

मग इब्राहिमकाकांचा माल आला.

इब्राहिमकाका पावसकडचे जुने बागवाले. सत्तरीला आलेले, स्वतः टेम्पोत बसून यायचे. बोलायला गोड माणूस. आधीच्या चार वर्षांत मी त्यांचा माल दोनदा परत पाठवला होता. दोन्ही वेळा त्यांनी शपथ घेतली होती की हे माझ्या कलमांचे आंबे आहेत. शपथ सगळेच घेतात.

मी रस तोंडात घेतला. शेवटी जराशी आंबूस अशी चव लागल्यासारखी वाटली. मी म्हटलं, "परत."

दर्शनानं चमचा चाटला. "बाई, हा हापूस आहे."

"मी परत म्हटलं ना."

"पण बाई, मला तरी पुरा हापूसच लागतोय."

काचेबाहेर दोन ड्रायव्हर उभे होते, इब्राहिमकाका उभे होते. तेवढ्यात नानाशेठ आत आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि माझ्या समोर, सगळ्यांसमोर म्हणाले, "हिची परीक्षा झालेली आहे, बाई. ती शुद्ध म्हणते तर घेऊ की."

माझे कान तापले. "मग मी कशाला बसू इथं?" मी म्हटलं. "उद्यापासून शेडमध्ये साली काढते."

नानाशेठ गडबडले. अकरा वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. "असं काय करता बाई. बरं, उद्या सकाळी ठरवू. इब्राहिम, माल फणसाखाली लाव, ताडपत्री घाल."

दुपारी मी तडक आठल्ये सरांचं घर गाठलं. सर ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"सर, एक विचारते. दर्शनाचे पाच बरोबर आले म्हणजे तिला कळतंच, असं नक्की झालं का?"

सरांचा अडकित्ता थांबला. "वा. हा प्रश्न नानानं विचारायला हवा होता. बसा." त्यांनी माझ्यासाठी पाट पुढं केला. "हे बघा, एकट्या दर्शनाला बसवलं असतं आणि पाच आले असते, तर मी म्हटलं असतं की हा नुसता अंदाज नसावा. पण आपण बसवल्या किती जणी?"

"बेचाळीस."

"आता समजा, या बेचाळिसांत कुणालाच काडीचं कळत नाही. सगळ्या नुसत्या डोळे मिटून वाटी उचलतायत. तरीसुद्धा त्यांतल्या कुणातरी एकीचे पाच बरोबर येण्याची शक्यता किती असेल?"

"थोडीशी असेल."

"निम्म्याहून जास्त आहे. मी मांडून बघितलंय. एकीला जमणं कठीण, पण बेचाळीस जणींत एखादीला जमणं मुळीच कठीण नाही. आणि आपण काय केलं? जिचे आले तिला उचलून खुर्चीत बसवलं, बाकीच्या एक्केचाळीस जणींना विसरून गेलो."

मला एकदम हलकं वाटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. "म्हणजे तिला काही कळत नाही."

"तसं मी म्हटलं नाही. कळत असेल, नसेलही. तिला एकटीला पुन्हा बसवलं तर समजेल. नानाला मी तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, हंगाम चालू आहे, वेळ कुठाय." सरांनी सुपारी तोंडात टाकली. "आमच्यात या चुकीला नावच आहे. पहिल्या प्रकारची चूक. नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगणं."

"आणि असलेली नाही म्हणून सांगणं?"

"ती दुसऱ्या प्रकारची. ती कुणाच्या लक्षात येत नाही. पहिलीचा गाजावाजा होतो." ते माझ्याकडं बघत राहिले. "पण बाई, तीन आठवडे झाले. तुम्हाला हे आजच कसं सुचलं?"

"कारखान्याचं नुकसान व्हायला नको म्हणून," मी म्हटलं.

"असं," सर म्हणाले आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

नानाशेठना मी त्याच संध्याकाळी फोन केला. उद्या सकाळी दर्शनाची परीक्षा परत घ्यायची, बारा वेळा तीन-तीन वाट्या, त्यावरच इब्राहिमकाकांच्या मालाचं ठरवायचं. सरांनी आधीच सांगून ठेवलं, नुसत्या अंदाजानं बारांत चार येतात. आठ आले तर मानायचं की तिला कळतं, आठाच्या खाली नाही. आकडा आधी ठरवायचा, मागून बदलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजताच मी कारखान्यात गेले. सर वाट्या लावत होते. फणसाखाली इब्राहिमकाका टेम्पोच्या सावलीत चटई टाकून बसले होते, रात्र त्यांनी तिथंच काढली होती. मला बघून त्यांनी हात वर केला. मीही केला.

नानाशेठ यायचे होते, दर्शनाही यायची होती. मला राहवलं नाही. "सर, ती यायच्या आत माझीच घ्या. म्हणजे कळणारं माणूस कसं सांगतं ते तुम्हालाही दिसेल."

"तुमची घ्यायला नानानं सांगितलेलं नाही."

"मी सांगतेय ना."

सरांनी खांदे उडवले आणि वाट्या मांडल्या. मी आरामात बसले, पदर खोचला, प्रत्येक वेळी डोळे मिटले, चव जिभेवर फिरवली. एकदाही अडखळले नाही. बाराही वेळा ठामपणे बोट ठेवलं. सर कागदावर काही लिहीत होते. शेवटी त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता वाट्या विसळायला उचलल्या. मला वाटलं, थक्क झालाय माणूस.

दर्शना आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. तिला कुणीतरी सांगितलं असणार. नानाशेठ समोर बसले. ती प्रत्येक वाटीला खूप वेळ लावत होती, पुन्हा पुन्हा चाखत होती, आणि मधेच माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं बघून हसले. हसण्यात माझं काही जात नव्हतं.

सरांनी यादी जुळवली. "चार," ते म्हणाले.

नानाशेठनी सुस्कारा सोडला. "म्हणजे गेलं सगळं."

"म्हणजे इतकंच, की मागचे पाच नशिबाचे असण्याची दाट शक्यता आहे," सर म्हणाले. "यात हिचा दोष नाही. दोष आपल्या निवडण्याचा."

दर्शना उठली. तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी त्याची वाटही बघत होते. पण ती म्हणाली, "मला वाटायचंच हो. दरवेळी पोटात गोळा यायचा. मी जाऊ का टेबलावर?" आणि ॲप्रन काढून, नीट घडी करून माझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून ती शेडमध्ये गेली.

नानाशेठ कुणाचा तरी फोन घ्यायला केबिनमध्ये गेले. सरांनी खिशातून तो घडीचा कागद काढून माझ्या हातात दिला. "हा तुमचा."

मी उघडला. बारा ओळी होत्या. बरोबरच्या पुढं खूण होती. मी खुणा मोजल्या, पुन्हा मोजल्या. तीन होत्या.

"काहीतरी चुकलंय," मी म्हटलं.

"यादी मी दोनदा बघितली."

"आज मला सर्दी आहे."

"असेल." सर हळू बोलले. "एका परीक्षेवरून तुम्हाला येत नाही असं मी म्हणणार नाही. येतं असं म्हणायलाही माझ्याकडं काही नाही. तुम्हाला या कामाला घेतलं कसं, बाई?"

मी सांगितलं. मीही शेडमध्येच होते तेव्हा. एका सकाळी साल काढता काढता सुरीवरचा तुकडा तोंडात टाकला आणि मोठ्यानं म्हटलं, हा आपल्याकडचा आंबा नव्हे. मागून नानाशेठ येत होते. त्यांनी ड्रायव्हरला दरडावलं, त्यानं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मी खोलीत होते.

"त्या दिवशी दुसरं कुणी काही म्हणालं होतं?"

मी आठवायला लागले. शेडमध्ये आम्ही सगळ्या दिवसभर तेच करायचो. प्रत्येक क्रेट उघडला की तुकडा तोंडात टाकायचा आणि ओरडायचं, हा गोळपचा, हा जयगडचा, हा बाहेरचा मेला. वेळ जायला तेवढाच खेळ. हा बाहेरचा, असं मी त्या आठवड्यात चार-पाचदा तरी म्हटलं असेल. बाकीच्यांनीही म्हटलं असेल. नानाशेठ मागं उभे असताना जिचं खरं निघालं, ती मी.

"सगळ्याच म्हणायच्या," मी कशीबशी बोलले.

मग मीच म्हटलं, "पण अकरा वर्षांत एक तक्रार नाही आली."

"तुम्ही घ्या म्हटलेला माल बहुतेक शुद्धच असणार, तक्रार कुठून येईल. आणि परत पाठवलेला माल खराब होता की चांगला, हे कुणी कधी तपासलंय का?"

कुणी नव्हतं तपासलं. काचेतून मला फणसाखालचा टेम्पो दिसत होता. इब्राहिमकाका ताडपत्री उचलून आंबे बघत होते, एक नाकाशी धरून परत ठेवत होते. दोनदा परत पाठवलेले त्यांचे टेम्पो मला आठवले.

"परत घ्या माझी," मी म्हटलं. "उद्या घ्या."

"घेऊ. पण किती वेळा घ्यायची ते आधी ठरवा. नाहीतर आठ येईपर्यंत घेत राहाल, आणि पुरेशा वेळा घेतली तर कधीतरी आठ येतीलच."

मी म्हटलं, "नको मग." मला भीती वाटली. सर्दी नव्हती मला, हे मला माहीत होतं.

"नानानं मला फक्त तिचं विचारलं होतं," सर म्हणाले. "तुमचा कागद तुमच्याकडं. काय करायचं ते तुम्ही ठरवा." ते छत्री घेऊन गेले.

मी कागद ब्लाऊजमध्ये खोचला आणि नानाशेठच्या केबिनकडं निघाले. सांगायचं असं मी ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं. दारातच नानाशेठ भेटले. "बरं झालं बाई, तुम्ही डोळे उघडलेत," ते म्हणाले. "एवढी एक खरी जीभ आहे आपल्याकडं, आणि मी त्या पोरीच्या नादाला लागलो. चला, आधी इब्राहिमचं उरकू. म्हातारा कालपासून बसलाय."

आम्ही अंगणात आलो. इब्राहिमकाका उठून उभे राहिले. शेडच्या दारात बायका जमल्या होत्या, त्यांत दर्शनाही होती, कोपरापर्यंत रसानं माखलेली.

"बाई, शेवटचं सांगा," नानाशेठ म्हणाले. "घ्यायचा की परत?"

कागद छातीशी टोचत होता. मला काही कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेही जड जात असेल तर नुसतं 'घ्या' म्हटलं तरी चाललं असतं. काल माझं चुकलं, माल चांगला आहे, घ्या. कुणी कारण विचारलं नसतं. म्हातारा सुखानं घरी गेला असता.

पण मग दर्शनाचं खरं ठरलं असतं.

ती दारात उभी राहून माझ्याकडंच बघत होती, अगदी विश्वासानं. परीक्षेत नापास होऊन, खुर्ची जाऊन, हिच्या चेहऱ्यावर एवढी शांती कुठून आली ते मला कळेना. तिला जे वाटलं ते ती बोलली, चुकलं तर मान्य करून हसत गेली. मला ते सहन होईना. तिच्या त्या खुर्चीचा मला जेवढा मत्सर वाटला नव्हता तेवढा तेव्हा वाटला.

"परत," मी म्हटलं.

इब्राहिमकाकांनी या वेळी शपथही घेतली नाही. ताडपत्रीच्या दोऱ्या बांधायला त्यांचे हात चालेनात, तेव्हा दर्शना पुढं झाली आणि तिनं गाठी मारून दिल्या. टेम्पो फाटकाबाहेर गेला. त्यांचा माल पुन्हा आमच्याकडं आला नाही. मी त्यानंतर नऊ वर्षं त्या खोलीत काम केलं.

बायका आत गेल्या तरी दर्शना रेंगाळली. टेम्पोतून पडलेला एक आंबा तिनं उचलला होता. तो चोखत ती माझ्याजवळ आली.

"बाई, रागावू नका हं," ती म्हणाली. "पण मला हा अजूनही हापूसच लागतोय."

"लागणारच," मी म्हटलं. "तुला कुठं कळतं."

तिनं मान हलवली, कोय कुंपणापलीकडं टाकली आणि कामाला गेली.